आधी खोरं, मग जोडी

‘काका, तुम्ही जुने. स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासाचं लिहा,’ असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा मला वाटलं, सोसायटीच्या नोंदणीचा, बोअरचा, लिफ्टचा इतिहास हवा असेल. पण ते सगळं आपले पहिले सचिव माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मी लिहितोय ते आपल्या सभागृहाशेजारच्या व्यायामाच्या खोलीबद्दल. तिचा इतिहास फार तर सहा वर्षांचा. पण ज्या भांडणामुळे गेल्या वार्षिक सभेत आपला पाऊण तास गेला, त्या भांडणाचा इतिहास फार जुना आहे.

सभेतल्या तक्रारी सगळ्यांना आठवत असतील. ट्रेडमिलवरून कोणी लवकर उतरत नाही. डंबेल्स जागेवर ठेवत नाहीत. बाकावरचा घाम पुसत नाहीत. एक जण मोबाईल बघत मशीन अडवून बसतो आणि दुसरा दारात उभा राहून परत जातो. शेवटी ठरलं की नियमांचा बोर्ड लावायचा आणि मजकूर मी करायचा. बँकेत आयुष्यभर परिपत्रकं वाचली आणि काढली, त्यामुळे हे काम माझ्याकडे येणं साहजिकच होतं. एका बैठकीत मी चौदा नियम लिहिले. पुन्हा वाचताना लक्षात आलं, यातले निम्मेअधिक नियम मला वयाच्या बाराव्या वर्षी पाठ होते. तेव्हा ते कुठेही लिहिलेले नव्हते.

माझं बालपण लातूरचं. तेव्हा लातूर हा जिल्हा नव्हता. उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं आणि आडत बाजाराचं गाव होतं. जिल्हा झाला तो १९८२ साली. १९६४ च्या सुमारास वडिलांनी मला गल्लीतल्या तालमीत नेऊन वस्तादांच्या पायावर घातलं. मला वाटलं होतं, आज लाकडी मुद्गलांची जोडी फिरवायला मिळणार. वस्तादांनी माझ्या हातात खोरं दिलं. पंधरा दिवस मी फक्त माती खणली.

त्याचं कारण पुढे कळलं. आखाड्याच्या हौद्यातली माती रोजच्या कुस्त्यांनी दाबली जाते, घट्ट होते. ती पहाटे खणून मोकळी केली नाही तर पडणाऱ्याचं हाड मोडतं. तेल, हळद, ताक, लिंबू घालून मळलेली ती माती सगळ्यांची असायची. नवीन पोराने ती खणायची म्हणजे ज्यांच्याबरोबर पुढे खेळायचं, त्यांची काळजी आधी घ्यायची. त्यात त्याचे दंड आणि कंबर आपोआप तयार व्हायची ती वेगळीच. ‘हा व्यायाम आहे’ असं मात्र कोणी सांगत नसे.

बाकीचे नियमही असेच. जोडी भिंतीला टेकवून, मूठ वर करून, तिच्याच जागी ठेवायची. मला हा निव्वळ शिस्तीचा भाग वाटायचा. मग एकदा पहाटे कंदिलाचं तेल संपलं आणि अंधारात हात लांबवला तर जोडी बरोबर हाताला लागली, तेव्हा उमगलं. कोणी जोडी फिरवत असेल तर त्याच्या मागे उभं राहायचं नाही. ‘तुझं कधी होणार?’ असं विचारायचं नाही. त्याचा आकडा पुरा होऊ द्यायचा. पण ज्याचा आकडा पुरा झाला त्याने जोडी धरून गप्पा मारायच्या नाहीत. एकाने फिरवावी, दुसऱ्याने तोवर बैठका माराव्यात, मग अदलाबदल. आज आपल्या खोलीत इंजिनिअरिंगची पोरं दोन सेटच्या मध्ये एकमेकांना बाक देतात, ती हीच पद्धत. ज्याची दोन दिवसांवर जत्रेत कुस्ती, त्याला सगळे न सांगता आधी पाळी द्यायचे. लातूरला महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची यात्रा भरते. ती जवळ आली की आम्ही लहान पोरं आपण होऊन मागे सरकायचो.

आणि एक नियम वस्ताद फार कडक पाळायचे. नवख्याला हसायचं नाही. हसणाऱ्याला शंभर बैठका. ते म्हणायचे, ‘पोराला पाडायला काय लागतंय? उभं करायला लागतंय.’

‘तालीम’ हा शब्द मुळात अरबी, त्याचा अर्थ शिक्षण. ‘वस्ताद’ म्हणजे उस्ताद, शिकवणारा. मराठीने तालीम हे जागेचं नाव करून टाकलं, पण अर्थ सुटला नाही. जिथे कोणी कोणाला शिकवत नाही, तिथे सामान कितीही असो, तिला तालीम म्हणता येणार नाही.

आपल्या भागात या विद्येचं मूळ खोल आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या निलंगा-उमरग्याच्या शेजारचं. त्यात ‘मल्लविनोद’ नावाचं प्रकरण आहे. मल्लांचे वय, अंगलट आणि ताकदीप्रमाणे प्रकार कसे करावेत, त्यांनी व्यायाम काय करावा, खावं काय, हे तिथे सांगितलेलं आहे. म्हणजे नवख्याला आणि मुरलेल्याला एकाच मापाने मोजू नये, हे नऊशे वर्षांपूर्वी या मातीत लिहून ठेवलेलं आहे.

निजामाच्या राज्यात मात्र तालीम ही संशयाची जागा झाली. खासगी शाळा काढायची असो की आखाडा, सरकारी परवानगी लागायची, असं आमचे वस्ताद सांगत. चार पोरं एका जागी रोज जमतात, एकमेकांचं ऐकतात, याचीच सरकारला भीती. ही भीती फक्त हैदराबादेत नव्हती. जर्मनीत यान नावाच्या शिक्षकाने १८११ मध्ये बर्लिनजवळ उघड्या मैदानात व्यायामशाळा काढली. तिथे श्रीमंत-गरीब सगळ्यांनी एकसारखे जाडेभरडे कपडे घालायचे आणि एकमेकांना ‘अरे-तुरे’ करायचं, असा दंडक होता. पुढे १८२० मध्ये प्रशियाच्या सरकारने अशा व्यायामशाळांवर बंदी घातली आणि ती १८४२ पर्यंत टिकली. सामान वाटून घेणारी माणसं एकत्र येतात, हे राज्यकर्त्यांना आपल्या आधी कळतं.

इकडे बडोद्यात प्रा. माणिकराव यांनी वेगळी वाट काढली. ते जुम्मादादा या मुसलमान वस्तादांचे शिष्य. गुरूंच्या नावाने त्यांनी चालवलेली जुम्मादादा व्यायाममंदिर ही संस्था आजही प्रसिद्ध आहे. एका हुकमावर शेकडो मुलांनी एकाच वेळी व्यायाम करायचा, अशी सांघिक कवायत त्यांनी बसवली आणि तिचे हुकूम इंग्रजीऐवजी आपल्या भाषेत आणले. अशा कवायतीत पाळीचा प्रश्नच उरत नाही.

पण माणूस माणसाला घडवतो तो तालमीतच. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. त्याच वर्षी जुलैत चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. आमच्या घरी बँकेची चर्चा, तालमीत बिराजदारांची. पुढे ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत स्वतः वस्ताद झाले, पैलवानांचे ‘मामा’ झाले. २०११ मध्ये ते गेले. बीड जिल्ह्यातला त्यांचा शिष्य राहुल आवारे लातूरच्याच काका पवारांकडे पुढे शिकला आणि २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळवलं. ते पदक त्याने बिराजदार मामांना अर्पण केलं. गुरू जाऊन सहा वर्षं उलटून गेली होती. असं ऋण नियमांच्या बोर्डाचं कोणी मानत नाही.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर लेख छान झाला असता. पण मग तो अर्धाच खरा झाला असता.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीतला. अंगाने माझ्या दुप्पट. मी तालमीच्या गोष्टी सांगायचो म्हणून एकदा माझ्याबरोबर आला. तीन दिवस उंबऱ्याशी उभा राहून बघत होता. चौथ्या दिवशी वस्ताद गावाला गेले होते. त्याने आत येऊन सरळ जोडी उचलली. एका मोठ्या पोराने काही न बोलता ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि भिंतीला लावून ठेवली. सगळे गप्प. मुलगा थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि निघून गेला. पुन्हा आला नाही.

मला नियम माहीत होता. आधी खोरं, मग जोडी. मी त्याला तो सांगितला नव्हता. आणि त्या दिवशीही मी तोंड उघडलं नाही. त्याने नियम मोडला म्हणून तसं झालं, की तो कोणत्या वस्तीतला होता म्हणून, हे तेव्हा मला कळलं नाही. आज वाटतं, दोन्ही गोष्टी एकमेकांत मिसळल्या होत्या. न लिहिलेल्या नियमाची हीच अडचण आहे. आतल्याला तो संस्कार वाटतो, बाहेरच्याला भिंत लागते. आणि ती भिंत कोणी बांधली हे विचारायला कुठे कागद नसतो. बायकांसाठी तर आमच्या तालमीला उंबरासुद्धा नव्हता. ‘बायकांनी यायचं नाही’ असंही कुठे लिहिलेलं नव्हतं.

पुढे वीसेक वर्षांनी मी एका शाखेत काउंटरला होतो. तेव्हा पितळी टोकनं असायची. नंबर पुकारला आणि तोच माझ्यासमोर उभा. मी ओळखलं, त्यानेही ओळखलं. त्याच्या मागे गावातले एक मोठे आडते घाई करत होते. त्यांचा नंबर नंतरचा होता. टोकन कोणाची वस्ती विचारत नाही. त्याने शांतपणे पैसे मोजून घेतले, हसला आणि विचारलं, ‘काय, जोडी फिरवतोस का अजून?’ मला उत्तर सुचलं नाही. त्या दिवसापासून लिहिलेल्या नियमाला मी कधी हलका समजलो नाही.

हे सगळं आज कशाला काढलं? दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी साखर बघून मला चालायला सांगितलं आणि मी आपल्या खोलीत पहिल्यांदा गेलो. सत्तरी ओलांडलेला नवशिका. ट्रेडमिल सुरू कुठून होते, थांबते कुठून, काही कळेना. विचारायची लाज वाटली. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा जवळ आला, म्हणाला, ‘आजोबा, ही लाल क्लिप आधी शर्टाला लावा. पडलात तर मशीन आपोआप थांबते.’ त्याने मला वीस मिनिटं दिली. मी टिकलो.

आणि याच खोलीत गेल्या वर्षी बी विंगमधल्या एक वहिनी दोन दिवस आल्या. साडी, पायात चपला. दारात उभ्या राहिल्या, दोन्ही ट्रेडमिल चालू होत्या, थोडं थांबल्या, गेल्या. त्यांना कोणी काही बोललं नाही. वाईट नाही आणि चांगलंही नाही. एका ट्रेडमिलवर मी होतो. माझी वीस मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. मला वाटलं, त्या विचारतील. त्यांना वाटलं असेल, विचारायचं नसतं. बारा वर्षांचा असताना मी गप्प राहिलो, त्याला लहान होतो असं म्हणता येईल. या वेळी काय म्हणू?

नांदेडला आल्यापासून मी दसऱ्याला, होळीला गुरुद्वाराच्या बाजूला शीख मुलांचा गतका बघायला जातो. खेळाआधी ती मुलं मांडलेल्या शस्त्रांपुढे माथा टेकवतात. त्यांत अगदी लहान मुलंही असतात. मोठा मुलगा लहानाचा हात धरून काठी कशी पकडायची ते दाखवतो, मगच बाजूला होतो. आमच्या वस्तादांचीच रीत ही.

तेव्हा माझं कार्यकारिणीला सांगणं असं. बोर्ड जरूर लावा, पण चौदा नियम नकोत, पाच पुरेत. पाळी वीस मिनिटांची. कोणी वाट बघत असेल तर दोन सेटच्या मध्ये त्याला द्या. सामान घेतलं तिथे ठेवा. घाम पुसा. नवीन माणूस दिसला तर आपण होऊन बोला. पहिले चार नियम टोकनासारखे आहेत. ते कोणालाही सांगता येतात आणि कोणालाही लागू होतात. पाचवा तालमीचा आहे. तो नुसता लिहून चालत नाही, कोणीतरी करावा लागतो. म्हणून खोलीत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिले पंधरा दिवस एक सोबती द्यावा.

सोबत्यांच्या यादीत पहिलं नाव माझं घाला. सकाळी सहा ते सात मी तिथेच असतो. बी विंगच्या वहिनींना मी घरी जाऊन निरोप दिला आहे. ‘बघते,’ म्हणाल्या.