सेठची वही

माझ्या लहानपणी आलापल्लीत पैसा वर्षातून दोनदा दिसायचा. एकदा लाकूडतोडीच्या हंगामात, डेपोवर सागाच्या थप्प्या लागत तेव्हा. आणि एकदा मे महिन्यात, तेंदूपत्त्याच्या फळीवर. मधले महिने सेठच्या वहीवर निघत. पावसाळ्यात घरातलं धान संपलं की बाबा त्याच्याकडून दिढीने आणत. दोन पोती घेतली तर पीक निघाल्यावर तीन द्यायची. चार-पाच महिन्यांचं व्याज म्हणजे निम्मं मुद्दल! पण याला आमच्याकडे कोणी सावकारी म्हणत नसे. सेठ अडीनडीला उभा राहतो, असं म्हणत. आणि तो राहतही असे, हे खोटं नाही.

बाबांना लिहिता येत नव्हतं. ते कुडाच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढत. पोतं आणलं की उभी रेघ, फेडलं की त्यावर आडवी. एका वर्षी, १९६५-६६ च्या सुमाराचं असेल, भिंतीवरच्या सगळ्या रेघा कापलेल्या आणि सेठच्या वहीत मात्र दोन पोती बाकी. माय म्हणाली, "वही दाखवा म्हणा ना जी त्याइले."

"दाखवन. पन वाचन कोण?" बाबा म्हणाले.

वही कोणी पाहिली नाही. दोन पोत्यांपायी आमची कालवड गेली. बाबा सेठसमोर काहीच बोलले नाहीत, आणि ते गप्प राहिले म्हणजे त्यांना बाकी मान्य आहे, असं चार माणसांनी धरलं.

पुढे मी जंगल कामगारांच्या एका सहकारी संस्थेत हिशेब लिहायला लागलो, तेव्हा सावकारीचे कायदे नजरेखालून गेले. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. शाळेत त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. मला त्यातली एकच गोष्ट मोठी वाटते. गावोगाव लोकांनी सावकाराकडे मागितले ते कर्जरोखे, आणि हाती लागले तिथे जाळले. आपलं कर्ज कागदात आहे आणि कागद दुसऱ्याच्या पेटीत, हे त्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या कुणब्यांना नेमकं कळलं होतं. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने त्या पेटीलाच हात घातला. रोखा गावच्या निबंधकासमोर लिहायचा, फेडलेल्या पैशाची पावती द्यायची, शेतकऱ्याला वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागायचा हक्क. पण तो कायदा आणला पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगरच्या शेतकऱ्यांसाठी. आमचा चांदा जिल्हा मध्य प्रांतात.

मध्य प्रांताने असा कायदा केला १९३४ साली. प्रत्येक ऋणकोचं खातं वेगळं लिहायचं आणि दरसाल सही केलेला हिशेब त्याच्या हाती द्यायचा. नाही दिला तर कोर्ट व्याज कापू शकतं. नंतर मुंबईचा १९४६ चा सावकारी कायदा विदर्भाला लागू झाला, तो आणखी खोलात जातो. कर्ज दिल्यावर ठरलेल्या मुदतीत रक्कम, तारीख, तारण आणि व्याजाचा दर लिहून द्यायचा. कोऱ्या जागा सोडलेल्या कागदावर अंगठा घ्यायचा नाही. आणि एक कलम मी तीनदा वाचलं: हिशेबाचा कागद मिळाल्यावर ऋणको काही बोलला नाही, तर तेवढ्यावरून त्याने बाकी कबूल केली असं धरता येणार नाही. कागद देऊनही ही मुभा. बाबांना तर कागदच मिळाला नव्हता.

हिशेब मान्य भाषेत द्यायचा, असंही त्यात आहे. आता भामरागडकडच्या माडिया माणसाने काय करायचं? त्याची भाषा कोणत्या वहीत लिहितात?

२०१४ चा महाराष्ट्राचा कायदा बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळवायची वाट ठेवतो, ते फार चांगलं झालं. पण आलापल्लीत आता सेठपेक्षा मोटारसायकलवर येणारी पोरं जास्त. बायांचा गट बसतो, हप्ता गोळा होतो. रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम म्हणतात की अशा सूक्ष्म कर्जाचं कार्ड कर्जदाराकडे हवं, त्यातल्या नोंदी त्याला समजणाऱ्या भाषेत हव्यात, भरलेल्या हप्त्याची पोच त्यावर हवी, आणि वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी व संध्याकाळी ६ नंतर फोन नको. 'समजणाऱ्या भाषेत' हे शब्द यायला एवढी वर्षं लागली.

परवा आमच्या गल्लीतली एक बाई आली. तिचं कार्ड वसुलीवाल्या पोराकडेच असायचं. "हरवन म्हणून मीच ठेवतो," म्हणे तो. मी म्हटलं, मागून घे, तुझंच आहे. या खेपेला तिने घेतलं. आम्ही दोघं ओट्यावर बसून सह्या मोजल्या. तिच्या म्हणण्याप्रमाणे २४ हप्ते भरले होते. सह्या निघाल्या २१. तिने तीनही कोऱ्या चौकटींवर पेन्सिलने टिंब केलं आणि विचारलं, "काका, मंगळवारी गट बसते. तुमी याल का जी?"