वर्गणीच्या बदल्यात काय?

काही वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका तरुण सभासदाने उभे राहून प्रश्न विचारला होता : "काका, वर्गणी भरून आम्हाला मिळते काय?" सभागृह क्षणभर स्तब्ध झाले. मग कोणी गणेशोत्सवाचा दाखला दिला, कोणी नाटकाचा, कोणी कोजागरीचा. तरुणाचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. नोकरीच्या निमित्ताने माझे वास्तव्य खिदिरपुरात झाले आणि या वस्तीच्या इतिहासात त्या प्रश्नाचे उत्तर मला हळूहळू सापडत गेले. सुवर्णमहोत्सवी अंकाच्या निमित्ताने ते वाचकांपुढे ठेवतो.

खिदिरपूरची गोदी 1892 मध्ये खुली झाली. तेथून जगभर जाणाऱ्या जहाजांवर सिल्हेट, नोआखाली आणि चितगाव या जिल्ह्यांतील हजारो माणसे खलाशी म्हणून चढली. हा माणूस गावाहून यायचा तेव्हा त्याच्यापाशी शरीरबळाखेरीज काही नसे. जहाज मिळेपर्यंत तो एखाद्या बाडीवाल्याकडे उधारीवर राही आणि जेवी. जहाजावर नेमणूक मिळायची ती सारंगाच्या किंवा दलालाच्या मर्जीने, आणि ती मर्जी विकत घ्यावी लागे. जहाज मिळायला जितका उशीर, तितके कर्ज मोठे. पुष्कळदा पहिल्या फेरीचा पगार हातात पडण्यापूर्वीच त्याचा मोठा वाटा दुसऱ्याचा झालेला असे. कष्ट करण्याची तयारी असूनही, काम मागण्याचा साधा हक्क त्याला पैसे मोजून मिळवावा लागत होता. एकट्या खलाशाने याविरुद्ध तोंड उघडले, तर पुढचे जहाज त्याला मिळणार नाही हे ठरलेले.

अरबी समुद्राच्या काठावरही चित्र फारसे निराळे नव्हते. मुंबईच्या जहाजांवर रत्नागिरीकडचे आणि गोव्याचे लोक मोठ्या संख्येने असत. पण गोवेकरांनी आपल्यापुरता एक उपाय काढला होता. धोबी तलाव, गिरगाव, माझगाव या भागांत त्यांनी गावोगावचे क्लब काढले. त्यांना ते 'कूड' म्हणत. गावच्या माणसाने अल्प वर्गणी भरावी, आपली पेटी तेथे ठेवावी, जहाज मिळेपर्यंत अंथरूण पसरावे, संध्याकाळी सर्वांसोबत प्रार्थनेला बसावे. जहाजावरून परतलेला नवख्याला कोणत्या कंपनीत माणसे हवी आहेत ते सांगे. दिसायला ही केवळ निवाऱ्याची सोय. परंतु डोक्यावर छप्पर आणि कानावर बातमी असलेल्या माणसाला सावकारी खाणावळीची पायरी चढावी लागत नाही, हे त्यातले मर्म होते.

निवाऱ्याने माणूस तगतो, पण नियम बदलत नाहीत. त्यासाठी आवाज लागतो, आणि तो मिळवून देणाऱ्यांत एक मराठी नाव अग्रभागी आहे : नारायण मल्हार जोशी. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावी 1879 मध्ये जन्मलेले जोशी भारत सेवक समाजाचे सदस्य होते. 1911 मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. 1919 मध्ये वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते आणि 1920 मध्ये ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेतही त्यांचा पुढाकार होता. मुंबईच्या नाविकांच्या संघटनेशीही त्यांचा निकटचा संबंध होता. त्याच सुमारास मद्रासमध्ये एका गिरणीच्या चालकांनी कामगार संघटनेच्या पुढाऱ्यांविरुद्ध न्यायालयातून मनाई हुकूम आणला, तेव्हा संघटना काढणे हाच गुन्हा ठरू शकतो हे देशाला कळले. 1921 मध्ये जोशींनी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगार संघटनांना कायद्याचे संरक्षण देण्याविषयी ठराव मांडला. त्याचे फळ म्हणजे 1926 चा कायदा. आज कोणतीही कामगार संघटना निर्धास्तपणे वर्गणी गोळा करू शकते, त्यामागे हे परिश्रम आहेत.

कोलकात्याच्या खलाशांचा आवाज बनले ते आफताब अली. 1939 मध्ये महायुद्ध सुरू होताच पाणबुड्यांनी भरलेल्या समुद्रात तुटपुंज्या पगारावर जाण्यास भारतीय खलाशांनी परदेशी बंदरांत नकार दिला. अनेकांना तुरुंगवास घडला. अखेर कोलकात्यात वाटाघाटी झाल्या आणि वेतनवाढ पदरात पडली. बंदराबंदरांत विखुरलेल्या माणसांची मागणी एकाच मेजावर आणणे हे संघटनेवाचून कोणाला साधले असते?

मुख्य दुखणे होते ते भरतीचे. 1920 च्या जिनोआ परिषदेने नाविकाला काम मिळवून देण्यासाठी त्याच्याकडून पैसे घेऊ नयेत असे ठरवले. 1922 मध्ये सरकारने भरतीच्या चौकशीसाठी समितीही नेमली. तरीही हे तत्त्व हुगळीच्या काठावर उतरायला फार वर्षे लागली. नाविकांची सरकारी रोजगार कार्यालये स्वातंत्र्यानंतरच उभी राहिली. पुढे 1966 मध्ये नाविकांसाठी भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला. नाविकांच्या हक्कांची सनद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या 2006 च्या सागरी श्रम कराराला भारताने 2015 मध्ये मान्यता दिली. जिनोआपासून येथवर जवळजवळ शंभर वर्षे गेली. ज्यांनी आरंभीच्या वर्गण्या भरल्या, त्यांतील बहुतेकांनी ही फळे चाखली नाहीत.

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. 1929 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात ट्रेड युनियन काँग्रेस दुभंगली आणि खुद्द जोशींना बाहेर पडावे लागले. मतभेद तात्त्विक होते, परंतु कामगाराची शक्ती त्यामुळे घटलीच. आणखी एक धोका याहून सूक्ष्म आहे. पदाधिकारी जागेवरून हलेनासे झाले, हिशेब सभासदांपुढे येईनासे झाले आणि ओळखीच्यांची कामे आधी होऊ लागली, की संघटनाच नवा सारंग बनते. मग सभासदाने प्रश्न विचारला तर तो उद्धटपणा नसतो. ते त्याचे कर्तव्य असते.

आपले मंडळ ही कामगार संघटना नव्हे, हे मी जाणतो. तरीही परमुलखात आलेल्या माणसाची गरज तीच असते. बदली होऊन मी येथे आलो त्या वर्षीच पत्नी एका रात्री अत्यवस्थ झाली. भाषा धड येत नव्हती, गाव अनोळखी. मंडळाच्या यादीतल्या एका क्रमांकावर फोन केला, आणि ज्यांना मी जेमतेम एकदा भेटलो होतो असे तिघे सभासद पहाटेपर्यंत रुग्णालयाच्या बाकावर माझ्याशेजारी बसून राहिले. त्या वर्षी मी किती वर्गणी भरली होती ते मला आठवत नाही. ती यादी कोणीतरी दरवर्षी नीट लिहून ठेवत होते, एवढे मात्र आठवते.

त्या तरुण सभासदाला त्या सभेत मी उत्तर देऊ शकलो नाही. आज देतो. वर्गणीच्या बदल्यात वस्तू मिळत नाही. अडचणीच्या घाटावर आपण एकटे उभे नाही याची हमी मिळते. ती हमी खरी ठरावी म्हणून यादी अद्ययावत हवी, बदलून आलेल्या कुटुंबाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी भेटायला हवे, हिशेब उघडा हवा आणि खुर्ची वेळेवर रिकामी व्हायला हवी. आणि रात्री फोन वाजला की उठून जाणारे तिघे हवेत. पुढच्या पन्नास वर्षांत त्या तिघांपैकी एक तू असावास, एवढीच इच्छा.