पाठीवरची वाट

प्रवासवर्णने वाचण्याचा नाद आम्हांला लहानपणापासून आहे. परंतु वय वाढत गेले तशी त्या नादाला एक खोड जडली. लेखकाने वर्णिलेले घाट, अरण्ये आणि भग्न देवळे डोळ्यांपुढून सरली, की मनात हटकून प्रश्न उभा राहतो : या गृहस्थाचे सामान कोणी वाहिले? आमच्या वरसईच्या गोडसे भटजींच्या बाबतीत हा प्रश्न पडत नाही. १८५७ साली उत्तरेकडे निघालेला तो भिक्षुक पायी हिंडला, लुटला गेला आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी परतला. ओझे वाहणारा आणि हकीकत लिहिणारा तेथे एकच होता. असा योग इतिहासात विरळा. बहुधा एक लिहितो आणि दुसरा वाहतो. मेक्सिकोच्या दक्षिणेकडील वाटांचा इतिहास चाळताना या गोष्टीची जी जाणीव आम्हांला झाली, ती वाचकांपुढे ठेवावी असे वाटते.

स्पॅनिश लोक येण्यापूर्वी त्या भूमीवर घोडा नव्हता, खेचर नव्हते, बैलही नव्हता. चाक अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. मातीच्या लहान चाकवाल्या मूर्ती उत्खननात सापडल्या आहेत. पण गाडीला जुंपायला जनावरच नसेल तर चाकाचा उपयोग काय? म्हणून कोको, मीठ, कापूस, पिसे, सारे काही माणसाच्या पाठीवरून जाई. या हमालांना नाहुआ भाषेत ‘त्लामेमे’ म्हणत. कपाळावरून रुंद पट्टा घ्यायचा, त्याच्या आधाराने पाठीवर बोजा तोलायचा आणि मान ताठ ठेवून चालायचे. या पट्ट्याला तेथे ‘मेकापाल’ असे नाव आहे. कोर्तेसच्या सैन्यातील शिपाई बेर्नाल दियास याने आपल्या बखरीत या हमालांचे प्रमाण नोंदवले आहे : दोन आरोबा, म्हणजे सुमारे २३ किलो ओझे, आणि पाच कोसांची मजल, तेथे दुसरा गडी बोजा उचलणार.

पुढे स्पॅनिश लोकांनी घोडे आणले, खेचरे आणली. आता तरी माणसाची पाठ मोकळी व्हावी की नाही? तसे झाले नाही. खेचराला पैसे पडतात. जिंकलेल्या माणसाला पडत नाहीत. आपल्याकडील वेठबिगार ज्यांनी ऐकली-पाहिली आहे, त्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. १५४२ साली स्पेनच्या राजाने जे नवे कायदे केले, त्यांत अपरिहार्य प्रसंग सोडून इंडियन लोकांवर ओझी लादू नयेत असे एक कलम होते. या कायद्यांसाठी झगडलेला धर्मगुरू बार्तोलोमे दे लास कासास हा १५४५ मध्ये चियापासचा बिशप होऊन तेथे पोहोचला. वसाहतवाल्यांनी त्याचे जे स्वागत केले ते इतके कडवट होते, की त्याला तेथे फार काळ राहता आले नाही. आज त्या डोंगरी शहराच्या नावात त्याचे नाव जोडलेले आहे : सान क्रिस्तोबाल दे लास कासास. जिवंतपणी हाकलायचे आणि मागाहून नाव द्यायचे, ही रीत सर्वच देशांची दिसते.

कायदा झाला तरी वाटेवर काय चालले होते, ते टॉमस गेज याच्याकडून कळते. हा इंग्रज डोमिनिकन साधू. परकीयांना त्या मुलखात जाण्यास बंदी असल्यामुळे १६२५ साली बिस्किटांच्या रिकाम्या पिंपात लपून तो स्पेनच्या जहाजावर चढला. मेक्सिकोहून वाहाकामार्गे तो चियापासमध्ये उतरला आणि पुढे ग्वातेमालात कित्येक वर्षे राहिला. १६४८ मध्ये लंडनात प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात चॉकलेटच्या चवीचे कौतुक आहे, गावोगावच्या पाहुणचाराचे वर्णन आहे. आणि पेटाऱ्यांच्या भाराने कपाळाची कातडी सोलवटलेल्या माणसांचे चित्रही आहे. गेज काही संत नव्हता. कॅथॉलिक पंथ सोडल्यावर आपल्या जुन्या सोबत्यांविरुद्ध साक्ष देण्यासही तो कचरला नाही. तरी ती कपाळे त्याने पाहिली आणि लिहून ठेवली, एवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

परंतु या विषयातील सर्वांत बोलका प्रसंग दोन शतकांनंतरचा आहे. न्यूयॉर्कचा वकील जॉन लॉइड स्टीफन्स आणि इंग्रज चित्रकार फ्रेडरिक कॅथरवुड हे दोघे १८३९ च्या ऑक्टोबरात जहाजाने निघाले आणि ग्वातेमाला ओलांडून १८४० च्या मे महिन्यात पालेंकेच्या अवशेषांपाशी पोहोचले. चियापासच्या त्या डोंगरात वाट इतकी बिकट होती, की प्रतिष्ठित प्रवासी खुर्चीत बसून जात. आणि ती खुर्ची एका इंडियन माणसाच्या पाठीवर कपाळपट्ट्याने बांधलेली असे. आपल्याकडे पालखीला निदान चार भोई तरी असतात. येथे एकाच्या पाठीवर एक. स्टीफन्सला ही रीत रुचली नव्हती. तरी एका उभ्या चढणीवर तो त्या खुर्चीत बसला. तोंड मागे असल्यामुळे पुढची वाट त्याला दिसेना. कड्याच्या अगदी काठाशी खालचा माणूस थांबला, त्याने शीळ घातल्यासारखा दीर्घ सुस्कारा सोडला, आणि त्याच्या प्रत्येक श्वासाबरोबर स्टीफन्सचे शरीर वरखाली होऊ लागले. खालचे गुडघे थरथरत होते. स्टीफन्स उतरला तेव्हा तो मजूर घामाने निथळत होता. दुसरा उचलायला पुढे झाला. पण स्टीफन्सला तेवढा अनुभव पुरला.

हे सारे त्याने प्रामाणिकपणे लिहिले आहे. मात्र त्या मजुराचे नाव त्याच्या पुस्तकात नाही.

आता या प्रसंगातील खरी मौज, किंबहुना खरी वेदना, पाहा. १८४१ साली प्रसिद्ध झालेल्या याच ग्रंथात स्टीफन्सने ठासून सांगितले, की ही नगरे मिसरी, फिनिशियन अथवा अन्य कोणा परक्यांनी बांधलेली नसून याच भूमीतील लोकांच्या पूर्वजांची आहेत. त्या काळी हे म्हणणे धाडसाचे होते आणि पुढे ते खरे ठरले. पालेंकेच्या शिलालेखांपुढे तो मुका उभा राहिला. त्यांचे वाचन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साधले, आणि त्यांची भाषा त्या डोंगरांत आजही बोलल्या जाणाऱ्या चोल भाषेच्या कुळातली निघाली. म्हणजे ज्या रहस्याच्या शोधात प्रवासी निघाला होता, त्या रहस्याचा वारसदार त्याच्या खुर्चीखाली धापा टाकत होता!

१९५० मध्ये अखिल-अमेरिका महामार्ग मेक्सिकोतून ग्वातेमालाच्या सीमेपर्यंत पुरा झाला आणि त्याचा उत्सव मोटारींच्या शर्यतीने साजरा करण्यात आला. पाठीवरच्या खुर्चीची जागा चाकांनी घेतली. तरी ती वाट अजून माणसांच्या हालांवाचून राहिलेली नाही. आज मध्य अमेरिकेतील दारिद्र्य आणि हिंसा यांतून सुटण्यासाठी निघालेली माणसे टायरच्या नळ्यांच्या तराफ्यावरून सुचियाते नदी ओलांडतात, मुलांना खांद्यावर घेऊन उत्तरेकडे चालतात, मालगाड्यांच्या टपावर चढतात. ९ डिसेंबर १९२१ नव्हे, तर २०२१ रोजी, आपल्याच काळात, चियापासमध्ये अशा माणसांनी कोंबून भरलेला मालट्रक उलटला आणि पन्नासाहून अधिक जीव गेले. उलट वेराक्रूस प्रांतातील एका खेड्यातल्या बायका १९९५ पासून धावत्या मालगाडीवरच्या अनोळखी वाटसरूंकडे भाताच्या आणि घेवड्याच्या पुड्या फेकीत आल्या आहेत. कोणत्याही बखरीत शोभावे असे हे अन्नदान आहे.

आम्ही महाराष्ट्राबाहेर राहणारे लोक. आमचेही पूर्वज कोणत्या ना कोणत्या वाटेने येथवर आले. कोणी नोकरीसाठी, कोणी लष्कराबरोबर, कोणी पोटासाठी. घराण्यांच्या इतिहासात त्यांची नावे आहेत. त्यांच्या बैलगाड्या हाकणाऱ्यांची आणि बोचकी उचलणाऱ्यांची नाहीत. तेव्हा पालेंकेच्या कड्यावर थांबलेल्या त्या माणसाचा सुस्कारा आम्हांला परका वाटत नाही. इतिहास लिहिणाऱ्याने खुर्चीतून दिसणारा देखावा अवश्य सांगावा. पण अधूनमधून खाली उतरून, आपल्याला कोणी उचलले होते, हेही विचारून घ्यावे.