रायद, तू आहेस कुठे?

जानेवारी उजाडला की घरात बँकेची एक आणि विमा एजंटने दिलेली एक अशा डायऱ्या येऊन पडतात. पहिल्या पानावर संकल्प, दुसऱ्या आठवड्यापासून दुधाचा हिशोब. जे खरंच रोज लिहितात, ते वही कपाटात कपड्यांखाली दडवतात. दुसऱ्याची डायरी वाचणं आपण चोरीच मानतो. म्हणूनच गेल्या तीसेक वर्षांतली एक गोष्ट मला अजून विचित्र वाटते: लोकांनी आपण होऊन ती वही चौकात उघडी ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हटलं, वाचा.

सुरुवात करणाऱ्यांत जस्टिन हॉल हे नाव हमखास येतं. जानेवारी १९९४, अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजात शिकणारा १९ वर्षांचा पोरगा. आधी तो नुसत्या चांगल्या लिंका गोळा करत होता. मग हळूहळू स्वतःबद्दल लिहू लागला: प्रेमप्रकरणं, भांडणं, तो लहान असताना वडिलांनी केलेली आत्महत्या. काहीच झाकून ठेवलं नाही. अकरा वर्षांनी, २००५ साली, त्याने कॅमेऱ्यासमोर रडत रडत हे थांबवत असल्याचं सांगितलं. स्वतःचं आयुष्य उघडं करताना आजूबाजूच्यांचंही उघडं होतं, आणि त्यांना ते नको असतं, हे त्याला फार उशिरा कळलं. (नंतर तो पुन्हा लिहू लागला, ते वेगळं.)

मधल्या काळात, १९९८मध्ये, ब्रूस एबलसन याने ‘ओपन डायरी’ नावाची साइट काढली. तिथे दुसऱ्याच्या नोंदीखाली वाचकाला आपलं म्हणणं लिहिता येऊ लागलं. आज आपल्याला यात काहीच वाटत नाही, पण रोजनिशीच्या इतिहासात हे नवीन होतं. वही उलटून बोलायला लागली होती.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट बगदादची.

सलाम नावाचा एक तरुण आर्किटेक्ट आणि त्याचा कॉलेजातला दोस्त रायद. रायद पुढच्या शिक्षणासाठी जॉर्डनला गेला. ईमेलला उत्तर देण्यात हा रायद एक नंबरचा आळशी. तेव्हा २००२ साली सलामने ठरवलं, मेल पाठवत बसण्यापेक्षा एका पानावर लिहीत राहू, त्याला वाटेल तेव्हा वाचेल. पानाचं नावच ठेवलं ‘व्हेअर इज रायद?’ स्वतःचं टोपणनाव घेतलं सलाम पॅक्स. अरबीत सलाम म्हणजे शांती, लॅटिनमध्ये पॅक्स म्हणजेही शांती. तरुणपणाची काही वर्षं व्हिएन्नात गेलेली, त्यामुळे इंग्रजी सफाईदार आणि जीभ तिखट.

एकाला लिहायचं आणि सगळ्यांनी वाचायचं, हे आपल्याला अगदीच अनोळखी नाही. साने गुरुजी पुतणी सुधाला पत्रं लिहायचे आणि ती ‘साधना’ साप्ताहिकात छापून येत. पण गुरुजींना माहीत होतं की घरोघरची पोरं ती वाचणार आहेत. सलामला फक्त रायदने वाचायला हवं होतं. सद्दामच्या राजवटीत राष्ट्राध्यक्षाचा जाहीर अपमान केला तर देहदंडापर्यंत शिक्षा होती, इंटरनेट सरकारच्या मुठीत होतं, आणि अशा राजवटीत गुन्हा एकट्याचा राहत नाही, सगळं घर त्यात ओढलं जातं. सलाम राहायचा आई-वडिलांच्याच घरी.

आणि लिहायचा काय? दिनारचा भाव किती घसरला. बॉम्बच्या हादऱ्याने काचा उडू नयेत म्हणून खिडक्यांना चिकटपट्ट्या कशा लावल्या. सुरक्षित जागा म्हणून घरी कोण कोण नातेवाईक मुक्कामाला आले. त्या घराला त्याने ‘हॉटेल पॅक्स’ नाव दिलं होतं. कुठलं गाणं ऐकतोय. सद्दामची टिंगल करायचा, आणि ‘तुम्हाला मुक्त करायला येतोय’ म्हणणाऱ्या अमेरिकेचीही. त्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक बुचकळ्यात पडायचे. मला वाटतं, हे सगळं एका दोस्ताला उद्देशून होतं म्हणूनच इतकं जिवंत उतरलं. जगाला उद्देशून लिहायला बसला असता तर त्याने निवेदन लिहिलं असतं. दोस्ताला माणूस निवेदन पाठवत नाही, तक्रार करतो, शिव्या घालतो, टोमणे मारतो.

युद्ध जवळ आलं तशी वाचकांची रीघ लागली. बातम्यांत नाव झळकलं आणि तो घाबरला. इतके लोक वाचत असतील तर गुप्त पोलिसही वाचत असणार. तिकडे वाचकांमध्ये वेगळाच वाद पेटला होता: हा माणूस खरा आहे का? कोणी म्हणे सीआयएचा, कोणी म्हणे मोसादचा, कोणी म्हणे सद्दामचाच हस्तक. बिचारा जीव मुठीत धरून लिहितोय आणि त्याच्याकडे मागणी काय, तर तू अस्तित्वात आहेस हे सिद्ध कर. नाव सांगितलं तर मरण, नाही सांगितलं तर खोटारडा.

२० मार्च २००३ला बगदादवर बॉम्ब पडू लागले. २४ मार्चनंतर पान गप्प झालं. एप्रिलमध्ये शहर पडलं, तरी गप्पच. ज्यांनी त्याला बनावट ठरवलं होतं, त्यांच्यातलेही काही आता रोज येऊन बघत असतील, नवीन काही आलंय का. वाचक आणि डायरी यांच्यात असं नातं त्याआधी कुठे होतं? छापील रोजनिशी हातात येते तोवर ती लिहिणारा वाचला की मेला, हे ठरून गेलेलं असतं. इथे तसं काहीच ठरलेलं नव्हतं.

मेच्या सुरुवातीला एकदम बरंच काही आलं. नेट बंद असतानाही सलाम तारीखवार लिहीत होता. त्या नोंदी त्याने परदेशातल्या एका ब्लॉगर मैत्रिणीला ईमेलने पाठवल्या आणि तिने त्या पानावर चढवल्या. म्हणजे वाचायला कोणीच नव्हतं त्या आठवड्यांतही त्याने लिहिणं सोडलं नव्हतं. कपाटातल्या वहीसारखंच.

पुढे ‘द गार्डियन’ने त्याला शोधून काढलं, त्याचा स्तंभ सुरू झाला, त्याच वर्षी पुस्तकही आलं. पण मला सगळ्यात आवडतो तो पीटर मास या अमेरिकन पत्रकाराचा किस्सा. तो बगदादेत असताना त्याने एक दुभाषी ठेवला होता. घरी परतल्यावर तो या गाजलेल्या सलाम पॅक्सचं लिखाण वाचत होता. त्यात अमेरिकन सैनिकांना चोवीस पिझ्झा पोचवायला गेल्याची गंमत होती. मासला हसू आवरेना, कारण ते पिझ्झा पोचवताना तो स्वतःच सोबत होता. सगळं जग ज्याला शोधत होतं, तो रोज त्याच्या शेजारी बसून भाषांतर करत होता.

आणि रायद? तो त्याच वर्षी बगदादला परतला, आणि ‘व्हेअर इज रायद?’ याच पानावर स्वतःही लिहू लागला.