कातळशिल्पांचं घर कुठे बांधायचं?

संग्रहालय म्हटलं की डोळ्यांसमोर काचेची कपाटं येतात. सापडलेली वस्तू उचलायची, पुसायची, कपाटात ठेवायची, खाली चिठ्ठी लावायची. पण रत्नागिरीच्या सड्यांवर जे सापडलं आहे, ते उचलताच येत नाही. ती जमीनच आहे. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले. त्याला कुठलं कपाट पुरणार?

मी बी.ए.ला इतिहास शिकलो, तेव्हा आमचं कोकण आरमारापासून सुरू व्हायचं. त्याआधीचं सगळं पांडवांच्या नावावर! गुराख्यांना सड्यावरची चित्रं ठाऊक होती, निवळीची आकृती अभ्यासकांनीही पाहिली होती. पण सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी सडे अक्षरशः पायांखाली घातले आणि आकृत्यांची संख्या हजारापुढे गेली. काही अभ्यासक त्यांचा काळ मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात. कोकणात आज औषधालाही नसलेला गेंडा त्या कातळावर उभा आहे. 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत कोकणपट्टीतली नऊ ठिकाणं गेली. त्यातली सात रत्नागिरी जिल्ह्यातली, एक सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि एक गोव्यातलं.

यादी झाली की पर्यटक येणार, आणि पर्यटक आले की इमारत हवीच. मला धास्ती वाटते ती इथे. आपल्याकडे वारसा जपायचा म्हणजे त्यावर पत्र्याची शेड टाकायची, भोवती पेव्हर ब्लॉक बसवायचे. शेडचे खांब रोवायला कातळ फोडावा लागतो, आणि फोडलेल्या त्या जागी मातीच्या पातळ थराखाली दुसरी आकृती असू शकते. शिवाय या रेषा उथळ. त्या नीट दिसतात सकाळी किंवा उन्हं कलल्यावर, तिरपा उजेड खाचेत सावली धरतो तेव्हा. छपराखाली त्या विझून जातील.

उक्षीच्या गावकऱ्यांनी शहाणपण दाखवलं. तिथल्या हत्तीभोवती चिऱ्याचा गोल कठडा घातला, वरून फिरत पाहायची सोय केली. वर आभाळ मोकळं, आणि शिल्पावर कुणाचा पाय नाही.

पोर्तुगालमध्ये कोआ नदीच्या खोऱ्यात अशीच खडकचित्रं धरणाखाली जाणार होती. लोक उठले, धरणाचं काम थांबलं, 1998 मध्ये ते खोरं जागतिक वारसा झालं. संग्रहालय उघडलं 2010 मध्ये. ते चित्रांवर नाही, दूर डोंगरमाथ्यावर, उतारात रुतवून बांधलं आहे. चित्रांपर्यंत माणसं लहान गटांनी, वाटाड्याबरोबर जातात. हे वाचताना मला बारसू आठवलं. दोन वाघांमध्ये उभा असलेला माणूस जिथे कोरला आहे, त्याच परिसरात 2023 च्या एप्रिलमध्ये रिफायनरीसाठी माती परीक्षणाची यंत्रं आली आणि बायाबापड्या उन्हात आडव्या झोपल्या.

मी कविता लिहिणारा माणूस, इंजिनीअर नव्हे. तरी सांगतो. आपल्या सड्यांवर सोडून दिलेल्या चिरेखाणी थोड्या का आहेत? सरळ कापलेल्या भिंती, दोन-तीन पुरुष खोली. आमचं घर, मोहल्ल्यातली मशीद, पलीकडच्या वाडीतलं देऊळ, सगळं अशाच खाणींतून वर आलेलं. शिल्पांपासून लांब असलेली अशी एखादी खाण शोधावी आणि तिच्या पोटात संग्रहालय बसवावं. नवा कातळ फोडायला नको. छप्पर सड्याच्या पातळीला ठेवलं तर वर पावसाळ्यात गवत आणि तेरडा येईल, क्षितिज मोडणार नाही. आत हत्तीचे मापाबरहुकूम ठसे, नकाशे, मुलांना हात लावता येतील असे चिरे. उघडी शिल्पं पाहायला गावातलाच वाटाड्या, त्याला पगार.

खाणीत पाणी भरतं, हा आक्षेप खरा आहे. आपला पाऊस काही थट्टा नाही. उताराच्या अंगाला चर काढून पाणी सोडावं लागेल आणि दालनाची जमीन उंच घ्यावी लागेल. तो चर कुठून काढायचा हे मुंबईच्या आर्किटेक्टने आधी खाणीवरच्या जुन्या कामगाराला विचारावं. दर जून महिन्यात पाणी कुठून आत शिरतं, हे त्याने पाहिलेलं असतं.