आज तिथ खयची?

मी उमेदीची तीस वर्षं जाहिराती लिहिण्यात घालवली. मुंबईत याला कॉपीरायटर म्हणतात. मालवणात याला शब्दच नसल्यामुळे माझी आई शेवटपर्यंत सर्वांना 'झिल मुंबयत बोर्ड रंगयता' असंच सांगत राहिली. मीही कधी दुरुस्ती केली नाही. बोर्ड रंगवणाऱ्याला निदान ब्रश तरी नीट धरता येतो.

आमच्या हापिसात जाहिरात जन्माला यायची इंग्रजीत. मग ती मराठीत न्हाऊ घालण्यासाठी माझ्या टेबलावर. एकदा कोल्ड क्रीमच्या मजकुरात हिवाळा त्वचेवर 'हल्ला' करणार होता. मी नम्रपणे म्हणालो, "साहेब, आमच्याकडे हिवाळा हल्ला करत नाही. फार तर पडवीत डोकावतो आणि चहा न घेता निघून जातो." साहेब म्हणाले, "तुम्हाला सायकॉलॉजी कळत नाही."

साहेबांचं दैवत म्हणजे जॉन वॉटसन. हा अमेरिकेतला बडा मानसशास्त्रज्ञ. माणूस जन्माला येताना भीती, राग आणि प्रेम एवढंच भांडवल घेऊन येतो, बाकीचं सगळं नंतर शिकवलेलं, असा त्याचा सिद्धांत. १९२० साली त्याची विद्यापीठातली नोकरी सुटली आणि तो न्यूयॉर्कच्या जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात कंपनीत शिरला. तिथं या प्रोफेसराला सुरुवातीला काम काय मिळावं? मिसिसिपी नदीकाठच्या गावांत हिंडून लोक रबरी बूट कुठले घेतात ते विचारून यायचं! पुढे तो तिथला उपाध्यक्ष झाला. साहेब ही गोष्ट सांगताना पुराण सांगितल्यासारखे डोळे मिटत.

याच कंपनीनं १९२९ साली मुंबईत दुकान थाटलं. आणि त्याच वर्षी, १ फेब्रुवारीला, आमच्या मालवणात जयंत शिवराम साळगावकर जन्मले. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा, तेव्हा आम्ही सगळे रत्नागिरीचेच. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण सायकॉलॉजी मला कळली ती मालवणच्या माणसामुळे, म्हणून सांगितलं.

त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

मी आठ वर्षांचा असताना वडील गेले. तेव्हापासून माझ्याकडे एक कायमची नोकरी आली, भटजींकडे जाऊन तिथी विचारून येण्याची. "रे, आज तिथ खयची? संकष्टीचो चंद्र कधी? म्हाळ कधी पडता? इचारून ये." हातात कधी नारळ, कधी चार केळी. भटजी ओटीवर बसलेले. मला पाहिलं की म्हणत, "आवशीन धाडलान काय रे?" मग पंचांग उघडणार, बोटं मोजणार, तपकीर ओढणार, शिंकणार आणि शिंकेत विसरल्यामुळे पुन्हा बोटं मोजणार.

एका वर्षी भटजी लग्न लावायला गोव्यात गेले आणि तिकडेच रमले. आईनं अंदाजानं हिशेब केला आणि सप्तमीचा म्हाळ अष्टमीला घातला. कावळा आला, वाडी खाऊन गेला. दोन दिवसांनी भटजी परतल्यावर चूक कळली. आई वरवर म्हणाली, "कावळ्याक काय तिथ कळता?" पण वर्षभर तिचं कशात लक्ष नव्हतं. नवरा मुंबईहून वर्षातून एकदा यायचा, त्याला आपण एक दिवस उशिरा जेवायला वाढलं, हे तिच्या मनातून जाईना.

तिथी ही काही एकट्या भटजींची इस्टेट नव्हे. दांडीवरचा गाबीतही तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतो. पण छापलेली तिथी घराघरात जायला फार दिवस लागले. मुंबईच्या गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी छापील कागदाला हात लावीनात. तेव्हा या गृहस्थांनी तूप घालून शाई केली, असं सांगतात. वॉटसनच्या जन्माआधीची ही गोष्ट! गिऱ्हाईक 'नको' म्हणतं तेव्हा ते नेमकं कशाला नको म्हणतं, हे ओळखणं म्हणजे सायकॉलॉजी. माणसं पंचांगाला भीत नव्हती, विटाळाला भीत होती.

पंचांग छापलं गेलं, तरी ते वाचता कुणाला येत होतं? घटिका, पळं, नक्षत्रं. आईला अक्षर जुळवून वाचता यायचं, पण पंचांग उघडलं की ती ते देवापाशी ठेवून नमस्कार करायची.

आणि १९७३ साली साळगावकरांचं 'कालनिर्णय' आलं.

धंद्याच्या दृष्टीनं हा शुद्ध वेडेपणा होता. कॅलेंडर ही विकत घ्यायची वस्तूच नव्हती. किराणावाला फुकट द्यायचा, वर लक्ष्मीचं चित्र, खाली दुकानाचं नाव. इथं तर मोठं चित्रही नाही, नुसत्या तारखा! पण त्या तारखेच्या चौकोनात तिथी होती, सण होता, संकष्टीचा चंद्रोदय होता, ईद आणि नाताळही होता. आणि पाठ कोरी न ठेवता तिच्यावर पाककृती, औषधं, भविष्य, लेख. म्हणजे पुढची बाजू घरासाठी, मागची घरातल्या बाईसाठी. साळगावकर ज्योतिषी होते. ज्योतिषाकडे माणूस भविष्य ऐकायला जातो असं आपल्याला वाटतं. खरं तर तो काळजी सांगायला जातो. ज्यानं इतक्या काळज्या ऐकल्या, त्याला रबरी बूट विचारत हिंडायची काय गरज? पुढे हे कॅलेंडर नऊ भाषांत गेलं, खप कोटीच्या वर गेला.

आणि ती जाहिरातीची ओळ! भिंतीवर काय असावं हे सांगणारी. मी ती इथं लिहीत नाही, कारण तुमच्या कानात ती आत्ता चालीसकट वाजली. तीत 'घ्या' नाही, 'त्वरा करा' नाही, हल्ला तर नाहीच नाही. घरातल्या वडीलधाऱ्यानं सांगावं तसं 'असावं' एवढंच. मी तीस वर्षांत असलं एक क्रियापद लिहिलं नाही.

त्या वर्षी मी एक प्रत गावी नेली. आईनं लक्ष्मीच्या चित्राचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, हे टांगलं, पानं उलटत भाद्रपदापर्यंत गेली आणि बोटानं अक्षरं जुळवत सप्तमीवर थांबली. बराच वेळ बोट तिथंच. मग म्हणाली, "आता माका कोणाक इचारूक नको."

आमच्या हापिसात 'काय विकायचं' यावर बैठका होत. 'कुणाला विचारावं लागू नये' यावर एकही झाली नाही.

आईची तक्रार एकच. "आंगणेवाडीची जत्रा खय लिवली आसा?" आता ते कसं लिहिणार? भराडी देवीच्या जत्रेची तारीख दर वर्षी कौल घेऊन ठरते, ती आधीपासून कुठल्याच कॅलेंडरात नसते. मसुऱ्याची ही वाडी, म्हणजे साळगावकरांच्याच तालुक्यात! तारीख कळली की लाखो माणसं येतात, मुंबईच्या गाड्या भरून जातात. आई मग पेन्सिलीनं चौकोनात फुली मारी आणि म्हणे, "ह्या तेका कळाक नाय, माका कळला."

आई गेली त्याला बरीच वर्षं झाली. कालनिर्णय माझ्याही भिंतीवर आहे. भाद्रपदात तिची तिथी मी स्वतः शोधतो, कुणाला विचारत नाही. वाडी वेळेवर ठेवतो.

कावळा मात्र अजून त्याच्या सवडीनं येतो.