बुद्ध्यांक चाचणी : मुलाची तुलना नेमकी कोणाशी?

मुलाचा बुद्ध्यांक किती, असे पालक आणि शिक्षक हमखास विचारतात. तो कोणत्या मुलांशी तुलना करून काढला, हे मात्र क्वचितच विचारले जाते. मानसशास्त्रीय चाचणीची सारी भिस्त याच तुलनेवर असते. बौद्धिक दिव्यांगत्वाच्या निदानात बुद्ध्यांक ७० च्या आसपासची सीमा महत्त्वाची मानली जाते. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार अनेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. त्यामुळे कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात प्रमाणपत्रासाठी येणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने थोड्या गुणांचा फरकही मोठा ठरू शकतो.

पॅरिस ते धारवाड

शाळेत विशेष मदतीची गरज असलेली मुले ओळखण्यासाठी आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी १९०५ मध्ये पॅरिस येथे पहिली बुद्धिमापन श्रेणी तयार केली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली. या आवृत्तीच्या आधारे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ मध्ये तत्कालीन मुंबई प्रांतातील धारवाड येथे मराठी आणि कन्नड भाषक मुलांसाठी चाचणी सिद्ध केली. त्यांचे 'मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन' हे पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. ही 'बिने-कामत' चाचणी आजही वापरात आहे.

या पद्धतीत मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून १०० ने गुणतात. दहा वर्षांच्या मुलाने आठ वर्षांच्या सर्वसाधारण मुलाइतकीच उत्तरे दिली, तर त्याचा बुद्ध्यांक ८० येतो.

पुढे नागपूर येथे डॉ. आर्थर मालिन यांनी १९४९ च्या वेश्लर श्रेणीचे भारतीय रूपांतर १९६९ मध्ये केले. सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठीची ही चाचणी 'मिसिक' या नावाने ओळखली जाते.

भाषांतर पुरेसे नाही

परदेशी चाचणी मराठीत आणणे म्हणजे केवळ शब्द बदलणे नव्हे. टर्मन यांच्या श्रेणीत मुलाला नाणी ओळखायला सांगितले जाई. तेथे अमेरिकी नाण्यांऐवजी आणे ठेवले, तरी १९५७ च्या दशमान पद्धतीनंतर तेही कालबाह्य झाले. कोल्हापूर जिल्ह्यापुरते पाहिले, तरी गडहिंग्लज भागात कन्नडचा वावर आहे, तर चंदगडच्या बोलीवर कोकणीची छाप आहे. ओळखीचा नसलेला शब्द चाचणीत आला, तर बुद्धीऐवजी शब्दपरिचयच मोजला जाण्याचा धोका असतो.

म्हणून चाचणीचे प्रमाणीकरण करावे लागते. प्रथम वय, लिंग, शहर-खेडे आणि आर्थिक स्तर लक्षात घेऊन मुलांचा नमुना निवडतात. अतिसोपे आणि अतिअवघड प्रश्न गाळले जातात. काही काळाने पुन्हा चाचणी घेतल्यास गुण जवळपास तेच येतात का, यावरून विश्वसनीयता ठरते. जे मोजायचे तेच मोजले जाते का, यावरून सप्रमाणता ठरते. शेवटी प्रत्येक वयोगटाची सरासरी, म्हणजेच प्रमाणके, निश्चित केली जातात.

प्रमाणकांचे वय

ही प्रमाणके कायमची नसतात. न्यूझीलंडमधील अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले, की अमेरिकेत चाचण्यांवरील सरासरी गुण दर दशकाला सुमारे तीनने वाढत होते. शिक्षण, पोषण आणि राहणीमान बदलले, की मुलांची कामगिरीही बदलते. परिणामी, जुन्या प्रमाणकांवर आजच्या मुलाचा बुद्ध्यांक फुगून येऊ शकतो आणि खरोखर मदतीची गरज असलेले मूल सीमेच्या वर जाऊ शकते. उलट, अपरिचित भाषेमुळे सक्षम मूलही सीमेखाली जाऊ शकते.

या कारणास्तव केवळ एका आकड्यावर निदान करू नये, असा शास्त्राचा दंडक आहे. जेवणे, कपडे घालणे, व्यवहार सांभाळणे अशा दैनंदिन कौशल्यांचीही तपासणी आवश्यक असते. त्यासाठी वाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी वापरतात. तिचे भारतीय रूपांतरही मालिन यांनीच केले. पालकांनी अहवाल घेताना चाचणीचे नाव, ती कोणत्या भाषेत घेतली आणि तिची प्रमाणके कोणत्या वर्षाची आहेत, या तीन बाबी अवश्य विचाराव्यात.